रिकाम्या पिकअपमध्ये हवा किती ठेवावी?

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्यांची पिकअप सोयाबीन, कापूस आणि तूर वाहते. उरलेले सात-आठ महिने ती जवळजवळ रिकामीच असते. बाजाराला जाणं, वावरात फेरी मारणं, आईला यवतमाळला दवाखान्यात नेणं, एवढंच काम. टायरवर वजनाचा क्रमांक ११२ आहे. चारही टायरमध्ये कायम ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, कारण "टायरवरच ६५ लिहिलं आहे" असं पंक्चरवाल्यानं सांगितलं आहे. ते लिहितात : "रिकामी गाडी दगडासारखी आदळते. माय म्हणते, यापेक्षा बैलबंडी बरी होती. मागचे दोन्ही टायर मधोमध झिजले, कडा मात्र नव्यासारख्या आहेत. मृगाच्या पहिल्या पावसात वळणावर ब्रेक मारला तर मागचा भाग सरकून गाडी आडवी झाली. साळा म्हणतो, ३० ठेव, गादीसारखी चालेल. पंक्चरवाला म्हणतो, कमी केली तर टायर फुटेल. दारावरचं स्टिकर उन्हानं उडालं, पुस्तिका कुठं गेली माहीत नाही. कोणाचं ऐकू?"

भाऊ,

वळणावरचा तुमचा प्रसंग मी दोनदा वाचला. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून तो पत्रात चार ओळींचा राहिला. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. रिकाम्या गाडीला मागे ६५ नको आणि ३० पण नको. तुम्ही कळवलेल्या टायरला मागे ४०च्या आसपास ठेवा, पुढे बाराही महिने ४० ठेवा, आणि माल भरायच्या आधी मागची हवा पुन्हा ६५ करा. यातला शेवटचा भाग पाळणं जमणार नसेल, तर पहिला भागही करू नका. ते का, हे पुढे येईलच.

पंक्चरवाल्याचं अर्धं खरं आहे. टायरच्या अंगावर ६५ लिहिलेलं आहे, पण त्या ओळीत त्याच्या शेजारी किलोचा आकडाही असतो. दोन्ही मिळून अर्थ असा की, या टायरनं त्याचं पूर्ण वजन उचलायचं असेल तर ६५ हवा लागेल. तुमच्या टायरवर ११२ हा वजनाचा क्रमांक आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. तेव्हा ६५ हा आकडा ११२० किलोंसाठी आहे. रिकाम्या गाडीत मागच्या एका टायरवर याच्या एक तृतीयांश वजनही नसतं. दारावरचा किंवा पुस्तिकेतला आकडा तुमच्या गाडीसाठी असतो, टायरवरचा आकडा त्या टायरच्या ताकदीची हद्द सांगतो. हे दोन आकडे एकच समजले जातात आणि तिथंच सगळा घोळ होतो.

वजन किती हे अंदाजानं बोलायची गरज नाही. रिकाम्या गाडीचं वजन तुमच्या घरात आधीच लिहिलेलं पडलं आहे. जिनिंगमध्ये कापूस टाकताना गाडी दोनदा काट्यावर चढते, आधी भरलेली, मग रिकामी. गेल्या हंगामातल्या काटापावत्या काढा, रिकामं वजन तिथं सापडेल. फक्त ते पूर्ण गाडीचं असतं. हवेसाठी पुढचं आणि मागचं वजन वेगळं लागतं. म्हणून यावेळी काट्यावरच्या माणसाला विनंती करा : आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा, मग पुढं सरकून फक्त मागची. हंगाम नसताना काटा मोकळा असतो, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमचे आकडे येईपर्यंत मी एक उदाहरण धरतो. ड्रायव्हरसकट रिकामी गाडी १७०० किलो भरली, त्यातले पुढे ९६० आणि मागे ७४०. म्हणजे पुढच्या एका टायरवर ४८० आणि मागच्या एकावर ३७०. आता त्यात १५ क्विंटल माल टाका. ५० किलोची डीएपी खताची ३० पोती चढवली की १५ क्विंटल होतातच. पुढचं वजन ९६० वरून फार तर ११५० होतं. मागचं मात्र ७४० वरून २०५० वर जातं. पुढच्या टायरला फरक जेमतेम शंभर किलोंचा पडला, मागच्या टायरवर ३७०चे १०२५ झाले, जवळजवळ तिप्पट. पिकअपचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे. पुढची हवा वर्षभर एकच ठेवली तरी चालते. मागची एकच ठेवली तर वर्षातून काही महिने ती चुकीची असणारच.

आता ती गाडी वळणावर का सरकली ते पाहू. वजन उचलतं ते टायरचं रबर कमी आणि आतली हवा जास्त. ६५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४.६ किलो दाब. ३७० किलोला ४.६ने भागा, ८० चौरस सेंटीमीटर येतात. हा ढोबळ हिशेब आहे, रबराचा कडकपणा त्यात धरलेला नाही, पण चित्र खरं आहे : मागचं एक चाक नऊ सेंटीमीटर लांब, नऊ सेंटीमीटर रुंद एवढ्याशा जागेवर रस्त्याला धरून होतं. तेही टायरच्या मधल्या फुगीर पट्ट्यावर. म्हणूनच तो पट्टा झिजला आणि कडा कोऱ्या राहिल्या. तुमचे टायर वर्षभर हेच सांगत होते. त्यात पहिला पाऊस, म्हणजे चार महिन्यांची धूळ आणि डांबरावरचं तेल मिळून झालेला चिखलाचा लेप. ब्रेक मारला की गाडीचं वजन आणखी पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात, जाम होतात आणि मागचा भाग पुढच्याला गाठायला निघतो. त्याच चाकात ४० हवा असती तर टेकण्याची जागा १३० चौरस सेंटीमीटरच्या आसपास झाली असती, दीडपटीहून जास्त. गाडी सरकलीच नसती असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या हाताखाली रस्ता जास्त असता.

आदळण्याचं कारणही हेच, पण पूर्ण नाही. मागच्या कमानी (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दीड टन पेलायला बांधल्या आहेत, ७४० किलोंना त्या वाकतच नाहीत. मग खड्ड्याचा सगळा मार आधी टायरवर येतो, आणि टायरही दगड झालेला असेल तर तो सरळ तुमच्या आईच्या कंबरेत जातो. हवा ४०वर आणली की फरक पहिल्याच दिवशी जाणवेल, पण गाडी कारसारखी होणार नाही. कमानीच्या पट्ट्या गंजून एकमेकींना धरून बसल्या असतील तर त्या साफ करून ग्रीस मारून घ्या, शॅकलचे (कमानीचं टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश पाहा. आईला दवाखान्यात नेताना सीटवर जाड गोधडीची घडी द्या आणि सकाळी तासभर लवकर निघा. कंबर दुखणाऱ्या माणसाला वेग कमी केल्यानं जितका आराम मिळतो तितका कोणत्याच हवेनं मिळत नाही.

मग साळ्याचं ३० का नको? गादीसारखं वाटेल हे खरं आहे. प्रमाणाचा सरळ हिशेब केला तर ३७० किलोंना २१-२२ हवासुद्धा पुरते असं उत्तर येतं. पण तेवढ्यावर टायर नीट काम करत नाही. वळणावर तो रिंगवर डुलतो, खड्ड्यात रिंग रबराला चिमटते, ट्यूब असेल तर तिला चीर जाते. मालवाहू एलटी जातीच्या टायरसाठी वजनानुसार हवेचे जे तक्ते असतात ते सुरूच ३५पासून होतात. त्याखालचा आकडा टायर बनवणाराच देत नाही, तर आपण का ठरवायचा? पुढच्यापेक्षा मागची हवा कमी ठेवली तर वळणावर मागचा भाग आणखी सैल होतो, म्हणजे ज्या रोगासाठी तुम्ही औषध मागता तोच वाढतो. आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असताना वेगात गेलं, तर कमी हवेचा टायर जास्त हवेच्या टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगतो. समृद्धीवर जायचा प्रसंग आला आणि पाऊस असला तर हवेचा विचार सोडा, आधी पाय उचला.

खरी भीती वेगळीच आहे, आणि पंक्चरवाला "फुटेल" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तीच असते. कमी हवेचा टायर वजनाखाली चपटा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला त्याच्या बाजूच्या भिंती वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. तार हातात घेऊन पुन्हापुन्हा वाकवली की ती गरम होते, तसंच. उष्णता वाढत जाते, आतल्या धाग्यांपासून रबर सुटायला लागतं आणि एका क्षणी टायर फाटतो. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. रबराचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, माणसं गेली. टायरमधला दोष किती आणि फोर्डनं सुचवलेल्या २६ या कमी हवेचा वाटा किती, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. त्यानंतर तिथं कायदा झाला, आणि आता तिथल्या नव्या हलक्या गाड्यांत हवा ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेली की दिवा लागतो. आपल्या पिकअपमध्ये असा दिवा नाही. तुम्ही ४० हवेवर १५ क्विंटल सोयाबीन भरलं, तर लागणाऱ्या हवेपेक्षा ती जवळजवळ ४० टक्के कमी असेल, आणि गाडी तुम्हाला काहीच सांगणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात वीस-तीस किलोमीटर आरामात जाईल. पुढं काय होईल ते टायर ठरवेल.

म्हणून सुरुवातीला म्हटलं, की भरण्याआधी हवा वाढवणं जमणार नसेल तर कमीच करू नका. तुमचं वर्ष सरळ दोन भागांत पडतं, तसंच ठेवा. दसऱ्याच्या आधी, पहिलं पोतं चढण्यापूर्वी, मागे ६५. तूर संपली की ४०. हंगामात रिकामी परतायची पाळी येते तेव्हा रोज हवा काढ-भर करायची नाही. ६५वरच रिकामी हळू चालवा, पाऊस असेल तर आणखी हळू, ब्रेक वळणाच्या आधी. जूनमध्ये खताच्या एका फेरीसाठी मात्र हवा भरावीच लागेल. "एकच तर फेरी आहे" म्हणून सोडू नका. सात-आठ क्विंटलच माल असेल तर मागे ५० पुरते. उदाहरणातल्या वजनाला हिशेब ४०-४१चा येतो, पण खड्डे, ऊन आणि अंदाजातली चूक यांच्यासाठी वर थोडी शिल्लक हवी.

इथं कापसानं फसू नका. कापसाची गाडी डोंगरासारखी दिसते, पण वजन त्या मानानं कमी असतं. सोयाबीनची पोती फाळक्याच्या आतच राहतात आणि कमान सपाट करून टाकतात. माल किती उंच गेला हे पाहून हवा ठरवायची नसते, किती क्विंटल गेला हे पाहून ठरवायची.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. आपल्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पिकअपच्या मागं उभ्या राहून जातात आणि मालक म्हणतो गाडी रिकामी आहे. पंधरा बाया म्हणजे सात-साडेसात क्विंटल. हवेच्या हिशेबात ती गाडी रिकामी नाहीच. शिवाय मालवाहू गाडीत मागं माणसं नेणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या पैशासाठी त्या बायांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात. तुमची गाडी मागून सरकते हे तुम्हाला आता माहीत आहे. तिच्यात मागं कोणाला उभं करू नका.

हवा कधी मोजायची, हेही नीट सांगतो, कारण आपल्या उन्हात इथंच चूक होते. टायर थंड असताना मोजायची : गाडी किमान तीन तास उभी असावी आणि उन्हात नसावी. पहाटे २७ अंशांना ५५ भरलेली हवा दुपारी ४७ अंशांत, गाडी न हलवतासुद्धा, ६०च्या जवळ दिसते. चालवल्यावर आणखी चढते. ही वाढ टायर बनवताना धरलेली असते. दुपारी चौकात हवेच्या दुकानाशी थांबून "जास्त झाली" म्हणून काढू नका, काढली तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी निघेल. उलटंही होतं. ४५ अंशांच्या उन्हात गरम टायरमध्ये भरलेली ५५ हवा, डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर आला की ४७च्या आसपास उरते. काहीही गळलं नाही, कुठं पंक्चर नाही, फक्त ऋतू बदलला. त्यात दर महिन्याला एखादा पॉइंट आपोआप झिरपतो तो वेगळा. तुमचा कापसाचा हंगाम नेमका थंडीतच असतो, म्हणून दिवाळीनंतर दर पंधरवड्याला एकदा मोजा.

पण चौक घरापासून आठ किलोमीटर, तिथं पोहोचेपर्यंत टायर गरम होतो, मग थंड कसा मोजणार? स्वतःचा हवामापक घ्या. काही शेकड्यांत मिळतो आणि दुकानातल्या घासलेल्या, शंभर वेळा आपटलेल्या काट्यापेक्षा भरवशाचा असतो. सकाळी घरीच मोजा. समजा ५७ निघाली आणि ६५ हवी आहे, म्हणजे ८ कमी. चौकात गेल्यावर तोच टायर ६१ दाखवेल. त्यात ८च घाला, ६९ करा. उद्या सकाळी ती बरोबर ६५ असेल. भरायची ती घरी निघालेली तूट, चौकात दिसणारा आकडा फक्त ती मोजण्यासाठी.

बॅटरीवर चालणारा छोटा पंप घ्यायचा विचार असेल तर कारसाठीचा स्वस्त पंप घेऊ नका, ६५पर्यंत जाताना तो तापून बंद पडतो. ८०-१०० पीएसआयपर्यंतचा आणि चिमट्यांनी थेट बॅटरीला लागणारा पाहा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तुमच्या कामाला ती पुरते.

पांदणीत काळ्या मातीत गाडी रुतली की हवा काढून बाहेर यायची युक्ती तुम्हाला ठाऊक असेलच. ती चांगलीच आहे, पण डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरली पाहिजे, आणि त्यासाठी पंप गाडीतच हवा.

नव्या आकड्यावर आल्यावर एक तपासणी घरच्या घरी करा. मागच्या टायरच्या नक्षीवर आडवी, कडेपासून कडेपर्यंत, पांढऱ्या खडूची जाड रेघ ओढा आणि सपाट रस्त्यावर पाच-पन्नास फूट सरळ चालवा. रेघ मधेच पुसली तर हवा अजून जास्त आहे, कडांनाच पुसली तर कमी आहे, सारखी पुसली तर जमलं. तुमचे मागचे टायर आता मधून झिजलेले आहेत, त्यांच्यावर हा खडू खोटं बोलेल. म्हणून ही तपासणी नव्या टायरवरच करा.

नवे टायर म्हणालो, कारण आधी ते पाहायला हवं. नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे बारीक उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली. तुमची मधली नक्षी तिथपर्यंत आली असेल तर कडा कितीही कोऱ्या असोत, तो टायर या पावसाळ्यात वापरू नका. अंगावर चार आकडी तारीखही असते : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नवीन म्हणून विकत असलेल्या टायरवर ती वाचून घ्या. वजनाचा क्रमांकही ११२ किंवा त्याहून वरचाच असला पाहिजे. त्यापेक्षा कमी क्रमांकाचा टायर स्वस्तात देतो म्हटलं तर परत फिरा, माझं वरचं सगळं गणित त्याला लागू नाही.

पुस्तिकेचं मात्र मनावर घ्या. सर्व्हिस सेंटरला गाडीचा चेसिस नंबर सांगून तुमच्या मॉडेलचे रिकामी आणि भरलेली असे दोन्ही आकडे लिहून आणा. ते माझ्या आकड्यांपेक्षा वेगळे निघाले तर त्यांचंच ऐका, आणि ऑइल पेंटनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, स्टिकरसारखे ते उन्हानं उडणार नाहीत. गावात दुसरं कोणी गाडी घेऊन गेलं तरी त्याला दिसतील.

स्टेपनीत कायम ६५ ठेवा. ती कोणत्या दिवशी, भरल्या गाडीला की रिकाम्या गाडीला लागेल सांगता येत नाही, आणि रस्त्याच्या कडेला हवा काढता येते, घालता येत नाही.